गाव, आडनाव, हुद्दा विचारू नये

आमच्या तुळजापुरात निवृत्त माणसाला बसायला जागा नाही. हे मी पत्रकात लिहिलंय, कोपरासभेत बोललेय, आणि इथंही आधी तेच लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बसस्टँडवरचे बाक भाविकांचे. देवळाकडच्या रस्त्याच्या कडा फुलवाल्यांच्या, कवड्यांच्या माळावाल्यांच्या. म्हातारी माणसं संध्याकाळी टेकायची तो कट्टा गेला, तिथं आता गाड्या लागतात. बाहेरगावच्या माणसाला या गावात उभं राहायला कारण लागत नाही. गावातल्या माणसाला लागतं. "काय अण्णा, इथं कसं काय?" असं कुणी विचारलं की माझे वडील उगाच खिशातली पिशवी काढून दाखवायचे, भाजीला निघालो म्हणून.

आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला नोंदवायचा, पोच द्यायची, पोच घ्यायची. सगळी नोकरी त्यात गेली. निवृत्त झाल्यावर कितीतरी महिने ते सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे, दारापर्यंत जायचे, आणि परत येऊन शर्ट खुंटीला लावायचे. आई म्हणायची, "अहो, घातलाय तर राहू द्या की अंगावर. काढून ठेवता ते बघवत नाही."

मग त्यांना तो चर्चामंच सापडला.

म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप नव्हे. फुलांचे फोटो आणि शुभ सकाळ तिथं चालत नाही. ती एक वेबसाइट आहे, फक्त निवृत्तांची, मराठीतली. कुणीतरी विषय काढायचा, त्याला धागा म्हणतात. बाकीच्यांनी खाली प्रतिसाद लिहायचे. ज्या धाग्यावर नवा प्रतिसाद येतो तो उडी मारून पहिल्या पानावर येतो, बाकीचे खाली सरकतात. खऱ्या नावानं कुणी लिहीत नाही, प्रत्येकानं टोपणनाव घ्यायचं. आणि सगळ्यात वर, कायमचा, एक नियम: गाव, आडनाव, हुद्दा विचारू नये, सांगू नये.

हा नियम मला पटला. आमच्याकडं पाण्याचा तांब्या पुढं यायच्या आधी प्रश्न येतो, कुठले तुम्ही, आडनाव काय. आणि उत्तरावरून ठरतं, चहा कोणत्या कपात द्यायचा. ज्यांनी हा प्रश्न जन्मभर विचारला, आणि ज्यांनी त्याला जन्मभर उत्तर दिलं, अशी दोन्हीकडची माणसं तिथं एकमेकांशी गुडघ्यांवर, सुनांवर, ज्वारीवर, देव आहे की नाही यावर भांडत होती आणि कोण कुठल्या बाजूचं हे कुणालाच माहीत नव्हतं. असं मला सभा घेऊन कधी जमलं नाही.

अण्णांनी टोपणनाव घेतलं, 'आवक-जावक'.

"हा तर हुद्दाच झाला," मी म्हणाले.

"टेबल सांगितलंय. हुद्दा नाही."

तिथं सकाळच्या पोचेची पद्धत त्यांनीच पाडली. रोज सकाळी एक धागा, त्यावर प्रत्येकानं एका ओळीत पोच द्यायची. 'चहा झाला. गुडघा कालच्यासारखाच.' 'झोप बरी. शेजाऱ्याची मोटर चालू, आपली बंद.' ज्याची पोच आली नाही त्याची चौकशी व्हायची. मी हसायचे. आम्ही ज्येष्ठांच्या बसायच्या जागेसाठी सह्या गोळा करत होतो, मी म्हणाले, "अण्णा, तुमच्या त्या मंचावरच्यांच्या सह्या घ्या." ते म्हणाले, "त्यांना गावच नाही, सही कुठली आणू?" पुढं म्हणाले, "आणि आमची बसायची जागा झालीय. तुमची मागणी चालू ठेवा."

मला राग आला होता. अजूनही येतो. जागा मोबाईलमध्ये मिळाली म्हणून गावानं सुटका करून घ्यायची का?

तिथं एक बाई होत्या, टोपणनाव 'दुसरी शिफ्ट'. निवृत्तीनंतर खरी दुसरी पाळी सुरू झाली, असं त्यांचं म्हणणं. तिखट. कुणी स्वतःच्या आजाराचं पाल्हाळ लावलं की त्या लिहायच्या, 'लक्षणं सांगा, आत्मचरित्र नको.' अण्णांनी एकदा बीपीच्या गोळ्या आपल्याच मनानं बंद केल्या, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर असं झाडलं की अण्णा उठले आणि गोळी घेऊनच परत खुर्चीवर बसले. आईचं त्या बाईंबद्दल मत चांगलं झालं ते तेव्हापासून.

आणि तिथं एक धागा होता, 'घरी न बोललेलं'. त्याचं नाव आलं की अण्णा आवाज खाली आणायचे. तिथं माणसं जन्मात कुणाला न सांगितलेलं लिहायची. दुसरी शिफ्ट यांनी तिथं लिहिलं होतं, नवरा गेला त्यानंतर मला पहिल्यांदा रात्रभर झोप लागली. नवरा वाईट होता असं नाही, मारत नव्हता, पीत नव्हता. फक्त माझ्या आयुष्यात माझी अशी एकही खोली नव्हती. मुलाला वाटतं आई वडिलांच्या आठवणीत गप्प असते. मी गप्प असते कारण मला बरं वाटतं.

एका सकाळी दुसरी शिफ्ट यांची पोच आली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. कुणी लिहिलं, लग्नसराई आहे, गावाला गेल्या असतील. कुणी लिहिलं, रेंज नसेल. मग हळूहळू कुणी काही लिहीनासं झालं, आणि अण्णा जेवता जेवता मोबाईल उलटा सुलटा करायला लागले. भाकरी तशीच. आई म्हणाली, "त्या बाईनं गोळ्या सुरू केल्या, आता तीच बीपी वाढवतेय." पण आईलाही काळजी लागली होती. सकाळी चहा ठेवताना ती मला खुणेनं विचारायची, आली का?

मंचाचा चालक कोण, कुठला, हेही कुणाला माहीत नव्हतं. सभासदांकडं त्याचा फक्त एक ईमेल पत्ता, त्यावर उत्तर नाही. एवढी माणसं, रोजचं बोलणं, आणि त्यातल्या एका बाईच्या दारापर्यंत जायला एकालाही रस्ता नाही. मी अण्णांना तसं म्हणालेही.

अण्णांनी मोबाईल ताटाशेजारी पालथा ठेवला. मग म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय?"

"कुठं राहतात ते. त्यांनी एकदा लिहिलं होतं, कोजागरीला सोलापूरहून देवीला चालत येणाऱ्यांसाठी त्या दारात कोमट मिठाच्या पाण्याची घमेली ठेवतात. फोड आलेले पाय धुतात, पट्टी बांधतात. पुढं लिहिलं होतं, इथनं निघालं की पहाटेपर्यंत कळस दिसतो. म्हणजे सोलापूर रस्ता. तामलवाडीच्या आसपास. तुळजापूरच्या माणसाला हे कळणारच की."

"कधी लिहिलं होतं?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"नियम आहे ना."

मी चपला शोधायला लागले. अण्णा म्हणाले, थांब. आधी मंचाला विचारलं पाहिजे. नियम एकट्याचा नाही, एकट्यानं मोडायचा नाही.

आता हे वाचणाऱ्यानं शांतपणे वाचावं, मला तेव्हा शांत राहता आलं नाही. अण्णांनी धागा काढला: 'ठराव. एका सभासदाच्या प्रकृतीच्या चौकशीसाठी नियमाला एकवेळ अपवाद करण्याबाबत. सूचक: आवक-जावक.' आणि मग ते अनुमोदकाची वाट बघत बसले. एका सद्गृहस्थांनी विचारलं, गणसंख्या किती धरायची? दुसऱ्यांनी लिहिलं, 'एकवेळ' या शब्दाची व्याख्या करा, नाहीतर पायंडा पडेल. तिसऱ्यांचं म्हणणं, माणसाला गप्प बसायचा हक्क आहे, त्या आपणहून गेल्या असतील तर? यावर तात्त्विक चर्चा. कुणीतरी दुरुस्ती मांडली. दुरुस्तीला उपसूचना आली.

"ती बाई न्हाणीत पडली असेल," मी म्हणाले, "आणि तुम्ही गणसंख्या मोजताय."

"रीत आहे."

"रीतीनं जीव जातो अण्णा."

"रीत मोडल्यानंही जातो," ते म्हणाले. पण लिहिलेली एकच ओळ त्यांनी तीनदा पुसली. मंचावरचे ते सगळेही असंच लिहून पुसत असणार, हे मला नंतर सुचलं. घाबरलेली माणसं आपल्याला येतं तेच करतात. त्यांना ठराव करता येत होता.

दुपारच्या जेवणापर्यंत ठराव बहुमतानं मंजूर झाला. अट एक: परत आल्यावर लेखी अहवाल सादर करावा.

आई निघाली नाही, पण तिनं तयारी करून दिली. पिशवीत केळी आणि बिस्किटांचे पुडे. "आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही." मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "विचारायचं तू. ह्यांना मागं ठेव. परका बाप्या येऊन एकट्या बाईची चौकशी करतो म्हटल्यावर गाव काय म्हणंल, हे त्यांच्या डोक्यात येणार नाही. तिथं मंचावर समदे कागदच असतात त्यांना."

स्कूटी मी चालवली. अण्णा मागं पिशवी छातीशी धरून. सोलापूर रस्त्याला भाविकांच्या गाड्या अंगावरून जात होत्या. तामलवाडी जवळ आली तेव्हा ते म्हणाले, "नसल्याच तर?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

फाट्यावर चहाच्या टपरीपाशी थांबलो. माणसाला विचारायचं तर नाव पाहिजे. आमच्याकडं नाव नव्हतं. मी म्हणाले, "कोजागरीला चालत येणाऱ्यांचे पाय धुतात, त्या बाई कुठं राहतात?"

"सिस्टर व्हय," टपरीवाला म्हणाला. "मग तसं इचारा की. दवाखान्यात व्हत्या त्या." त्यानं गाळणी आपटली. "पडल्यात. सोलापूरला नेऊन आपरेशन करून आणलं. तुमी कोण त्यांचे?"

अण्णांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ओळखीचे," मी म्हणाले.

"वळखीचे म्हंजे? माहेरचे का?"

"नाही."

"मंग सासरचे?"

"नाही हो. ओळखीचे."

त्यानं अण्णांकडं बघितलं, शर्टाकडं बघितलं, केळ्यांकडं बघितलं. बाकावरचे दोघे पण बघायला लागले. मला माहेर, सासर, शेजार, कामावरचं, गावातलं अशी सगळी नाती माहीत आहेत. अण्णांचं आणि त्या बाईंचं जे होतं त्याला गावात उभं करायला एक शब्द नव्हता. आईला हे घरात बसून कळलं होतं. ज्या माणसानं नियमावर अख्खी सकाळ घालवली त्याच्या मनातही आलं नव्हतं.

जिवंत आहेत म्हटल्यावर अण्णांचा चेहरा सुटायला पाहिजे होता. उलट ते अजूनच आखडले. "आता परत जाऊ," ते म्हणाले. "कळलं ना. झालं."

मी गेले नाही. दार चार पावलांवर असताना परत फिरणं मला जमत नाही.

घर साधं, स्लॅबचं, पुढं तुळस, बाजूला म्हैस. सुनेनं दार उघडलं. "आत्यांना बघायला आलाव व्हय? या." पुढच्याच खोलीत लोखंडी पलंगावर त्या बाई होत्या. पाय उशीवर, केस विंचरलेले, तोंड भिंतीकडं. मुलगा बाहेरून हात पुसत आला. माझ्यापेक्षा मोठा, थकलेला, डोळे चांगले.

"बसा. कुठनं आलाव?"

"तुळजापूर," मी म्हणाले. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी नियमच मोडला.

"आडनाव काय म्हणलाव?"

रोजचा प्रश्न. उत्तर द्यायला अर्धा श्वास पुरतो. अण्णा म्हणाले, "ते राहू द्या."

मुलाचा हात टॉवेलात थांबला.

मला वाटलं होतं अण्णा बावरलेत. तसं नव्हतं. पलंगावर त्या बाई ऐकत होत्या, आणि त्यांच्या कानावर आपलं आडनाव पडू द्यायचं नाही, एवढंच त्या माणसानं धरून ठेवलं होतं. मग ते पलंगाजवळ गेले, उभ्या उभ्याच, साहेबासमोर उभं राहावं तसे, आणि हळू आवाजात म्हणाले, "मी आवक-जावक."

बाईंनी मान वळवली. डोळे मिटले, परत उघडले. मी एवढ्या जवळून कुणाला इतकं घाबरलेलं बघितलं नव्हतं.

"काय म्हणले ते?" मुलानं विचारलं.

"कामावरचे आहेत," बाई म्हणाल्या. "जुने. माझ्याबरोबर होते."

"कंच्या दवाखान्यात होता तुमी?"

अण्णांना खोटं येत नाही. आम्हा सगळ्यांना माहीत आहे, ते खोटं बोलायला लागले की आधी खोकतात. ते खोकले नाहीत. म्हणाले, "मी टेबलावर होतो. आलेला-गेलेला कागद नोंदवायचो. कागदांचं काम."

हे खरंच होतं. मुलाचं समाधान झालं, निम्मं. सून चहा ठेवायला आत गेली, म्हैस ओरडली म्हणून तो बाहेर गेला.

"का आलात?" बाई म्हणाल्या. दात आवळून.

"ठराव झाला."

"ठराव."

"बहुमतानं. एक उपसूचना फेटाळली."

त्यांच्या पोटातून हसू आलं आणि चेहरा वेदनेनं वाकडा झाला. "हसवू नका, टाके हायत. तुम्ही माणसं आहात का कोण आहात?" मग हसू गेलं. "इथं मी सिस्टर, आई, सासू, आजी. पडल्यापासून तर नुसतं पेशंट. तिथं मी कुणाचीच कुणी नव्हते. आता तुम्ही मला बघितलंत, ह्या गाऊनमध्ये. आता काय लिहू मी तुमच्यासमोर?"

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "तुमचा फोन कुठं आहे? मी त्यांच्याकडं मागते. काढून घेतलाय का त्यांनी? तुमचा हक्क आहे तो."

"तू मोर्चे काढतीस का ग?"

"हो."

"रस्त्यावर काढ. माझ्या पलंगाभोवती नको." त्यांनी मानेनं कपाट दाखवलं. "कुणी काढून घेतला नाही. आत पडलाय, बंद. मीच मागितला नाही."

"का?"

"मागितला की पोरगा प्रेमानं चार्जिंग करून देईल. चालू करून देईल. मला चष्मा लावून देईल. आणि विचारील, आई, काय बघतीस, दाव की. चांगला आहे तो. चांगला आहे म्हणूनच विचारील." त्या अण्णांकडं बघत होत्या. "मी तिथं काय लिहिलंय, तुम्हाला ठाऊक आहे."

अण्णांनी मान हलवली.

"त्याच्या बापाबद्दल आहे ते. त्यानं वाचलं तर त्याला वाटंल, आपल्याला कळलंच नाही आपलं घर. खाटेवर पडून मला हे दिवस कसे गेले, मी सांगत नाही. पण फोन मागितला नाही मी."

मी राग घेऊन गेले होते. कुणीतरी वाईट सापडेल, मग त्याला बोलता येईल, अशा हिशेबानं. त्या घरात वाईट कुणी नव्हतं. सून कपबशा घेऊन येत होती, चांगल्यातल्या, कपाटातल्या. वाईट कुणी नसताना बाईला स्वतःचा फोन मागता येत नाही, यावर पत्रक कसं लिहायचं हे मला अजून कळलेलं नाही.

"तिथं काय सांगणार?" बाईंनी घाईनं विचारलं.

"अहवाल द्यावा लागेल."

"मी सापडले म्हणून सांगितलंत तर उद्या आठ-दहा जण केळी घेऊन दारात. मग मी तिथं परत यायची नाही. कधीच."

"मग काय सांगू?"

"तुमचं तुम्ही बघा. चहा घ्या."

निघताना मुलगा रस्त्यापर्यंत आला. अण्णा पुढं स्कूटीपाशी गेले होते. तो मला म्हणाला, "ताई, लई दिसांनी आई हसल्याली ऐकू आली. परत या." मग थोडं थांबून, "तुमच्या वडलांनी आडनाव सांगितलं न्हाय. आमच्या घरचा चहा पिला, मग आडनाव सांगायला काय हरकत व्हती?"

"ते कुणालाच सांगत नाहीत."

"मग तर आनखीच अवघड," तो म्हणाला. त्याला अपमान वाटला होता, की संशय आला होता, मला ठरवता आलं नाही. दोन्ही वाईटच.

घरी आल्यावर अण्णांनी अहवाल लिहिला. मला वाचून दाखवला. 'तपास केला. मिळालेला पत्ता चुकीचा निघाला. सदर सभासदाचा शोध लागू शकला नाही. चूक पूर्णपणे माझी.' सगळ्या नोकरीत त्यांनी असा कागद काढला नसेल. लिहिताना ते खोकत होते.

मंच उसळला. अंदाजावर ठराव कशाला मांडला? आमचा जीव टांगणीला लावून फिरायला गेला होता का? एकानं लिहिलं, पत्ता सांगा, आम्ही शोधतो. अण्णांनी उत्तर दिलं, गाव सांगता येत नाही, नियम आहे. "आता नियम आठवला का?" लगेच आलं. आणि मग ज्यांच्याशी ते रोज सकाळी बोलायचे त्यातल्याच एकानं लिहिलं, 'मला वाटतं आवक-जावक गेलेच नाहीत.'

त्या दिवसापासून अण्णांच्या पोचेला उत्तर येणं कमी झालं. मी चिडले. "खरं सांगा त्यांना. लोक तुम्हाला खोटारडे म्हणतायत."

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "तू गप. बोलतील आणि थांबतील. तिचं तसं नाही, तिला त्याच घरात राहायचंय."

पण खरी भीती नंतर आली. मंचावर कोण हजर आहे हे टोपणनावापुढच्या हिरव्या ठिपक्यानं कळतं. एका सकाळी दुसरी शिफ्ट यांच्यापुढं ठिपका उगवला. सगळे धावले: 'ताई आल्या', 'कुठं होतात', 'बोला हो'. उत्तर नाही. ठिपका होता, थोड्या वेळानं गेला. दुसऱ्या दिवशी परत. कुणीतरी नुसतं वाचत होतं.

बाकीच्यांना आनंद झाला. अण्णा पांढरे पडले होते. "फोन कुणाच्या हातात आहे?" ते मला विचारत होते, जसं मला माहीतच असणार. आडनाव न सांगणारा माणूस येऊन गेला. मुलाला शंका आली. त्यानं कपाट उघडलं नसेल कशावरून?

आणि त्याच दिवशी कुणा सज्जनानं, ताई आल्या या आनंदात, 'घरी न बोललेलं' या धाग्यावर प्रतिसाद दिला. धागा उडी मारून पहिल्या पानावर. उघडल्या उघडल्या समोर.

अण्णांनी चहा खाली ठेवला आणि नवा धागा काढला: 'हुलग्याचं माडगं गूळ घालून की बिनगुळाचं?' मग दुसरा: 'छत्री दुरुस्त करणारे कुठं गेले?' मग 'मांजर पाळावं का?' प्रत्येक नव्या धाग्यासरशी जुना धागा एक पायरी खाली जायचा. संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्या पानावर गेला होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी परत वर आणला. अण्णांनी परत विषय काढले. लोकांना वाटलं, हा माणूस अपयशानं भ्रमिष्ट झाला. 'आवक-जावक, दिवसाला किती धागे? तब्येत बघा.' ते मुकाट्यानं ऐकून घेत होते आणि काढत होते.

हिरवा ठिपका येत होता, जात होता. किती वेळा वाटलं की परत तामलवाडीला जावं. अण्णा म्हणाले, एकदा जाऊन काय झालं ते बघितलंस ना.

मग एका सकाळी पोच आली. दुसरी शिफ्ट: 'बाहेरगावी होते. आता आहे. एवढा गोंधळ कशाला घातला होता?' सगळ्यांनी मिळून त्यांचं स्वागत केलं, त्यांनी प्रत्येकाला नीट, तिखट उत्तर दिलं. मधुमेहाच्या एका गृहस्थाला झाडलं. मांजराच्या धाग्यावर मांजराच्या विरोधात लिहिलं. बाहेरगावी होते म्हटल्यावर अण्णांचा अहवाल आपोआप खरा ठरला, आणि काहींनी त्यांची माफीही मागितली.

अण्णांना त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. बाकी सगळ्यांना देतात.

मला संताप येतो. मी म्हणाले, "तुम्ही त्यांच्यासाठी शिव्या खाल्ल्या. हा कुठला न्याय?"

"पोरगं शेजारी बसून वाचत असेल," अण्णा म्हणाले. "कामावरचा तो टेबलवाला आणि हा आवक-जावक एकच, हे त्याला कळू नये म्हणून करत असतील." मग चष्मा पुसत म्हणाले, "किंवा रागावल्या असतील. दोन्ही चालेल. त्या आहेत ना."

मला त्यातलं कुठलं खरं ते माहीत नाही. त्या बाई एकट्या वाचतात की त्यांच्या खांद्यावरून आणखी कुणी, तेही माहीत नाही. जुना धागा अजून आहे, पुसता येत नाही, चालकाच्या ईमेलला उत्तर नाही. म्हणून अण्णा अजून रोज नवे विषय काढतात. त्यांचे संपत आले. माझ्याकडं विषय भरपूर आहेत, पण त्यातल्या एकावरही माणसं शांतपणे बोलणार नाहीत. तरी शोधते. आज सकाळी चपला घालता घालता मी त्यांना एक दिला: पिठाच्या गिरणीत आपलंच पीठ परत मिळतं का. त्यांनी मान हलवली, म्हणाले, चालेल, यावर भांडतील, आणि लिहायला बसले.